मेडिकल चौकातले स्टॅटवाले सर : सँपल साइज काढायला गेलो आणि अख्खा थिसिस बदलून आलो (५ पैकी ४)

हा रिव्ह्यू लय दिवसांचा पेंडिंग आहे. ज्युनियर पोट्टे रोज विचारतात "सर, तुम्ही थिसिसचं स्टॅट (स्टॅटिस्टिक्स) कुठून करवलं", प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी नागपुरातच एमडी मेडिसिन केलं, कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण गाईडची एक सही अजून बाकी आहे. थिसिस डायबेटिक न्यूरोपॅथीवर होता, म्हणजे शुगरवाल्यांच्या पायाची आग आणि झिणझिण्या, दोन औषधं आमनेसामने ठेवायची आणि बारा आठवड्यांनी कोणत्यानं दुखणं जास्त कमी झालं ते बघायचं. औषधांची नावंही देत नाही, पेपर जर्नलकडे अडकून आहे.

आधी जिथं पैसे घालवले ते सांगतो. थिसिस प्रिंटिंग-बाइंडिंगवाल्यांपैकी काही जण "स्टॅटिस्टिक्ससहित पॅकेज" देतात हे सगळ्यांना माहीत आहे. सीनियरनं एक नंबर दिला, साडेचार हजारात सिनॉप्सिस (थिसिसचा आधी द्यायचा आराखडा) ते फायनल टेबल सगळं. वीस मिनिटांत व्हॉट्सअॅपवर उत्तर आलं: फॉर्म्युला चार पी क्यू भागिले एल स्क्वेअर, सँपल साइज साठ, तीस-तीसचे दोन ग्रुप. मी खुश. सिनॉप्सिस एथिक्स कमिटीकडे गेलं आणि परत आलं, वर एकच ओळ, सँपल साइज जस्टिफाय करा. त्या भाऊला फोन केला तर म्हणे "डॉक्टर, सगळे तीस-तीसच घेतात, कोणी विचारत नाही". अबे आत्ताच विचारलं ना! नंतर कळलं की तो फॉर्म्युला एखाद्या गावात किती जणांना शुगर आहे हे मोजायचा, म्हणजे प्रमाण काढायचा सर्व्हे असतो त्याचा आहे, दोन औषधांच्या तुलनेशी त्याचं काही घेणंदेणं नाही. आणि त्यांनी टाकलेले आकडे धरले तरी उत्तर साठ येतच नव्हतं, खाली बारीक अक्षरात "सोयीसाठी ६०" लिहिलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत, मागायचीही लाज वाटली.

मग एका झेरॉक्सवाल्यानंच सांगितलं, वर स्टॅटवाले सर बसतात, रिटायर्ड आहेत, विचारून बघा. बोर्ड नाही काही नाही. जिना इतका अरुंद की वरून कोणी उतरत असेल तर खाली थांबावं लागते. वर एक खोली, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा माठ, जुना लॅपटॉप आणि टेबलावर कॅसिओचा कॅलक्युलेटर ज्याच्या आठच्या बटणावर सेलोटेप. सरांनी नाव लिहू नको म्हटलं, लोक फोन करून करून त्रास देतात, म्हणून नाही लिहीत. मेडिकल चौकात कोणत्याही झेरॉक्सवाल्याला "स्टॅटवाले सर" विचारा, सापडतील.

मी सिनॉप्सिस समोर ठेवलं. त्यांनी उघडलंच नाही. म्हणाले, "डॉक्टर, काय मोजणार ते एका वाक्यात सांग." मी सुरू झालो, पेन स्कोअर, झोप, क्वालिटी ऑफ लाइफ, शुगर, साइड इफेक्ट... हात वर करून थांबवलं, "एक. एकच सांग बाबू, बाकीचे सेकंडरीत टाक." त्या एका वाक्याला आम्हाला पाऊण तास लागला, खोटं नाही सांगत. शेवटी ठरलं ते असं: शून्य ते दहाच्या स्केलवर, मागच्या सात दिवसांचं सरासरी दुखणं, बाराव्या आठवड्यात, औषध सुरू राहिलं असो की मध्ये बंद झालं असो. ते शेवटचं "बंद झालं असो" मला तेव्हा फालतू वाटलं होतं. तेच वर्षभरानं गळ्याशी आलं, पुढं सांगतो.

मग सँपल साइज. इथं सरांनी जे केलं ते पॅकेजवाला करूच शकत नाही कारण त्याला तुमच्या पेशंटशी काही देणंघेणं नसते. विचारलं, दोन औषधांमध्ये किती अंकांचा फरक असला तर तू ओपीडीत लिहून द्यायचं औषध बदलशील? मी म्हटलं एक. बरं, आणि अशा पेशंटमध्ये स्कोअर किती मागेपुढे होतो? जुन्या पेपरांतून एसडी साधारण दोन निघाला. कॅलक्युलेटर ओढलं, पाच टक्के अल्फा (फरक नसताना आहे म्हणायची चूक) आणि ऐंशी टक्के पॉवर (फरक असला तर सापडायचा चान्स) म्हणजे १.९६ अधिक ०.८४, बेरीज २.८, त्याचा वर्ग ७.८४, दुप्पट १५.६८, गुणिले एसडीचा वर्ग चार, भागिले फरकाचा वर्ग एक. ६२.७, म्हणजे एका ग्रुपला ६३ पेशंट. घेतलेल्यांपैकी १५ टक्के सोडून जाणार धरले तर ६३ भागिले ०.८५, म्हणजे ७५. दोन ग्रुपचे दीडशे! माझा चेहरा बघून हसले आणि म्हणाले, "अन् तुझ्या तीस-तीसमध्ये खरंच एका अंकाचा फरक असला ना, तरी तो तुला सापडायचा चान्स अर्ध्याहूनही थोडा कमीच. मग वर्षभर ओपीडीत काहून मरतो बे, इथंच नाणं उडव अन् जा घरी."

मी म्हटलं मग फरक अर्धा अंक लिहू का, लहान फरक लवकर सापडेल (होय, एमडीच्या पोट्ट्याला असं वाटलं होतं, हसू नका). त्यांनी कॅलक्युलेटर माझ्याकडेच सरकवलं. २५१ आले, एका ग्रुपला. फरक अर्धा केला की पेशंट चौपट, हे मी पीएसएमच्या (कम्युनिटी मेडिसिनच्या) पुस्तकात दोनदा वाचलं असेल पण स्वतःच्या बोटानं ते आठाचं सेलोटेपवालं बटण दाबेपर्यंत डोक्यात घुसलं नव्हतं.

दीडशे पेशंट आमच्या युनिटमध्ये एका वर्षात शक्य नव्हते. इथं पॅकेजवाल्यानं आकडा खाली ओढून दिला असता. सरांनी वेगळा रस्ता काढला. पेशंटचं सुरुवातीचं दुखणं आणि नंतरचं दुखणं यांचं नातं असतेच, ज्याचा सुरुवातीला नऊ त्याचा नंतरही थोडा जास्तच राहते, तर अॅनालिसिसमध्ये सुरुवातीचा स्कोअर धरून चालायचं, याला अँकोव्हा म्हणतात. आमच्याच ओपीडीच्या जुन्या फॉलोअप कार्डांवरून मी ते कोरिलेशन काढून आणलं, ०.५ च्या आसपास. म्हणजे एसडीचा वर्ग पाऊणपट, ६३ चे झाले ४८, गळती धरून ५७, दोन ग्रुपचे ११४. हे सगळं आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवायचं, डेटा आल्यावर नाही. एथिक्स कमिटीनं पुढच्या मीटिंगला पास केलं, एक शब्द न विचारता.

रँडमायझेशनवर, म्हणजे कोणाला कोणतं औषध हे नशिबावर सोडण्यावर, आमचं थोडं वाजलं. माझा प्लॅन होता सोमवार-बुधवारच्या ओपीडीला एक औषध आणि मंगळवार-गुरुवारला दुसरं, सोपं काम. सर म्हणाले मग तुला पेशंट यायच्या आधीच माहीत असेल की आज कोणतं औषध आहे, आणि म्हातारी चक्कर येणारी बाई दिसली की तू तिला म्हणशील आजी उद्या या. मी म्हटलं मी असं नाही करणार. "करशील. मी पण करीन. म्हणून तर लिफाफे आले." आणि मग स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट, जी ते बहुतेक प्रत्येकाला सांगतात. १९४८ ची इंग्लंडमधली टीबीची ट्रायल, स्टॅटिस्टिक्सवाल्या ब्रॅडफर्ड हिलनं आखलेली, १०७ पेशंट, ५५ ना औषध आणि ५२ ना फक्त बेडरेस्ट. युद्धानंतर औषध इतकं कमी होतं की सगळ्यांना देताच येत नव्हतं, त्यामुळं कोणाला द्यायचं हे रँडम आकड्यांवर सोडणंच उलट न्यायाचं होतं. पेशंट ट्रायलमध्ये घेतल्यावरच बंद लिफाफा उघडायचा. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी ४ गेले आणि बेडरेस्टवाल्यांपैकी १४. लगेच दुसरी गोष्ट मद्रासची, १९५९ मध्ये छापून आलेली, टीबीच्या पेशंटला घरी ठेवून गोळ्या दिल्या काय आणि सॅनेटोरियममध्ये ठेवून दिल्या काय, त्याची तुलना, १९३ पेशंट, आणि घरची ट्रीटमेंट चालते हे अख्ख्या जगाला आपल्याकडून कळलं. ही गोष्ट सांगताना सर खुर्चीवरून उठतात. चांगली गोष्ट आहे पण मला तीनदा ऐकावी लागली.

नुसतं नाणं उडवू का विचारलं तर खिशातून दहाचं नाणं काढून दिलं, उडव वीसदा. १३-७ आलं. एवढ्या लहान ट्रायलमध्ये ग्रुप असे वाकडे झाले तर कठीण, म्हणून ब्लॉक. चारच्या ब्लॉकमध्ये दोन इकडे दोन तिकडे, असे सहाच प्रकार होतात, पण कायम चारचाच ब्लॉक ठेवला तर तीन लिफाफे उघडल्यावर चौथ्यात काय ते हुशार पोट्टा ओळखते, म्हणून चारचे आणि सहाचे ब्लॉक मिसळून यादी बनवली. यादी सरांकडेच राहिली, मला दाखवली नाही.

लिफाफे मी आणले, पांढरे, छान वाटले म्हणून. सरांनी एक उचलला, ट्यूबलाइटसमोर धरला आणि म्हणाले, "बी." उघडला तर आत बी. माझी बोलतीच बंद. खाली जाऊन खाकी जाड लिफाफे आणले आणि पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियम फॉइल, प्रत्येक चिठ्ठी फॉइलमध्ये घडी करून आत, बाहेर क्रमांक, बंद केल्यावर चिकटवलेल्या जागेवर सही. ११४ लिफाफे. एक अख्खा रविवार गेला, पण खालून तर्री पोहे आले सरांच्या पैशानं, हे नोंद करतो.

ब्लाइंडिंग, म्हणजे कोणतं औषध चालू आहे ते पेशंट-डॉक्टरला कळू न देणं, जमलं नाही. एक गोळी आणि एक कॅप्सूल, दोन्हीच्या डमी बनवायला पैसे कुठून आणणार, ज्युनियर रेसिडेंटच्या स्टायपेंडमधून? सरांनी त्यावर फार भाषण दिलं नाही, एवढंच म्हणाले की मग पेन स्कोअर तू घेऊ नको. दुसऱ्या युनिटची इंटर्न घ्यायची, तिला कोणतं औषध ते माहीत नाही, आणि पेशंटला आधीच बजावायचं की ताईला औषधाचं नाव सांगू नका. दोघातिघांनी सांगितलंच, ते पण रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं. पहिल्या पेशंटच्या आधी सीटीआरआयवर (भारताची क्लिनिकल ट्रायलची रजिस्ट्री) रजिस्ट्रेशन पण त्यांनी मागे लागून करवलं. ती रजिस्ट्री २००७ ची आणि ट्रायलसाठी १५ जून २००९ पासून सक्तीची, पण पोस्टग्रॅज्युएट थिसिसवाले चालढकल करतात. तिथं प्रायमरी आउटकम (ते एक मुख्य मोजमाप) एकदा लिहिला की नंतर गुपचूप पलटता येत नाही, सरांना तेच हवं होतं.

मधल्या काळात माझी एक वाईट सवय पकडली गेली. मी दर महिन्याला एक्सेल उघडून टी टेस्ट (दोन ग्रुपच्या सरासरीची तुलना) मारून बघत होतो. सहज बोलून गेलो की चाळीस पेशंटला पी (औषधांत फरक नसताना नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसायची शक्यता, ०.०५ च्या खाली गेली की "सिग्निफिकंट") ०.०४ होती आणि साठला परत वर गेली. सर चिडले नाहीत, गणित सांगितलं: औषधांत काहीच फरक नसला तरी पाच टक्क्यांच्या हिशोबानं एकदाच बघितलं तर चुकायची शक्यता पाच टक्के, पाच वेळा बघितलं तर ती चौदाच्या आसपास जाते. मध्ये बघायचंच असेल तर आधी ठरवून, आणि रेषा कडक करून. ओब्रायन-फ्लेमिंगच्या पद्धतीत तीनदा बघायचं असेल तर पहिल्यांदा पी ०.०००५ च्या खाली पाहिजे, दुसऱ्यांदा ०.०१४, शेवटी ०.०४५. आणि मग सिकलसेलचं उदाहरण, विदर्भातल्या डॉक्टरला ते जवळचं. हायड्रॉक्सियुरियाची अमेरिकेतली ट्रायल, २९९ मोठी माणसं, १९९५ मध्ये ठरल्या वेळेआधी थांबवली कारण वर्षाला क्रायसिस (दुखण्याचे झटके) मीडियन डमीवाल्यांत साडेचार आणि औषधवाल्यांत अडीच होते. पण ते थांबवणारे डॉक्टर नव्हते, वेगळी मॉनिटरिंग कमिटी होती. "तू अन् तुझं एक्सेल म्हणजे कमिटी नाही होत." त्या दिवशी फाइलला पासवर्ड लावून पासवर्ड इंटर्नला दिला.

आता मुख्य भानगड. ११४ पैकी १६ जण मध्येच सोडून गेले, एका ग्रुपचे ११, दुसऱ्याचे ५. शेवटी डेटा हातात आला त्या रात्री मी हॉस्टेलवर बसून स्वतःच अॅनालिसिस केलं, जे ९८ टिकले त्यांचं. फरक ०.८, पी ०.०३. दुसऱ्या दिवशी अख्ख्या युनिटला सावजी खाऊ घातलं. मग प्रिंटआउट घेऊन जिना चढलो. सरांनी एकच विचारलं, "ते अकरा काहून गेले?" रजिस्टर काढलं. सहा जणांना चक्कर, तीन जणांचं दुखणं हललंच नाही, दोन गावाला गेले. म्हणजे ज्यांना ते औषध सोसलं नाही किंवा लागू पडलं नाही त्यांनाच मी बाहेर काढलं होतं आणि उरलेल्यांवर औषध भारी म्हणत होतो. शाळेनं नापास पोरं नववीतच गाळायची आणि दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा, तसं.

आणि मग ते पहिल्या दिवसाचं वाक्य, औषध बंद झालं असो. ज्याला ज्या ग्रुपमध्ये टाकलं त्याला त्याच ग्रुपमध्ये मोजायचं, गोळी घेतली असो नसो. १९९८ च्या आयसीएच ई९ मध्ये (ट्रायलच्या स्टॅटची आंतरराष्ट्रीय गाइडलाइन) हे तत्त्व आहेच, आणि २०१९ च्या पुरवणीत तर आणखी स्पष्ट केलं की औषध मध्येच सुटलं तर काय धरणार ते आधीच ठरवा, त्याला एस्टिमँड म्हणतात. आमचं ठरलेलं होतं, मीच विसरलो. सोळा जणांना फोन लावायला लावले. नऊ जणांचा बाराव्या आठवड्याचा स्कोअर फॉलोअपच्या फोनवर इंटर्ननं आधीच घेऊन ठेवला होता, पोरीचे उपकार, मी ते मास्टर चार्टमध्ये चढवलेच नव्हते. उरलेल्या सात जणांसाठी मल्टिपल इम्प्युटेशन, म्हणजे रिकामी जागा एकाच अंदाजानं न भरता पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या शक्य आकड्यांनी भरायची आणि सगळ्यांचं मिळून उत्तर काढायचं, म्हणजे अनिश्चितपणा पण हिशोबात येते. उत्तर आलं फरक ०.६, ९५ टक्के सीआय (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) उणे ०.१ ते १.३, पी ०.०९. सावजीचे पैसे गेले.

गाईडचं तोंड उतरलं. म्हणाले साठच्या वरच्या बायका वेगळ्या काढून बघ, पुरुष वेगळे बघ, इन्सुलिनवाले वेगळे बघ. सरांकडे गेलो तर त्यांनी आयसिस-२ सांगितली. १९८८, हार्ट अटॅकचे १७,१८७ पेशंट, अॅस्पिरिननं पाच आठवड्यांतले मृत्यू स्पष्ट कमी झाले. मग त्या लोकांनी मुद्दाम राशीप्रमाणे पेशंट वाटून दाखवले, तर मिथुन आणि तूळवाल्यांना अॅस्पिरिननं थोडं नुकसानच दिसलं! "गाईडची रास कोणती रे?" मी हे गाईडना सांगितलं नाही. आपलं गणित तेवढं सांगितलं, काहीच फरक नसताना वीस टेस्ट मारल्या की एखादी तरी "सिग्निफिकंट" निघायची शक्यता ६४ टक्के. ते त्यांना पटलं.

रिपोर्टवरून पण थोडं झालं. पहिल्या टेबलमध्ये वय, वजन, शुगर या प्रत्येक ओळीसमोर पी व्हॅल्यूचा कॉलम सगळ्या थिसिसमध्ये असतो. सरांनी तो काढून टाकला. लिफाफ्यानं वाटलेत ना, मग जो फरक दिसते तो योगायोगच, त्याची टेस्ट कशाला करतो. गाईड म्हणे एक्झामिनर विचारतील. परत ठेवला. सर म्हणाले ठेव, पण माझं नाव आभारात टाकू नको. नाही टाकलं.

तोटे, कारण आहेतच. कॅश फक्त, सँपल साइजचे दीड हजार, पूर्ण अॅनालिसिसचे सात, यूपीआय म्हटलं की कपाळाला आठ्या. दुपारी दोन ते पाच बंद म्हणजे बंद. व्हॉट्सअॅपवर निळी टिक येते, उत्तर येत नाही. मे महिन्यात त्या खोलीत बसणं म्हणजे तंदूर, कूलर आहे पण सर पाणी टाकायला विसरतात. मला फायनल रिपोर्टला पाच आठवडे लागले, सबमिशनच्या तोंडावर जाल तर रडाल. ग्राफ त्यांचे आर सॉफ्टवेअरमधले, काळे-पांढरे, पीपीटीत टाकले तर शोकसभेचं पत्रक वाटते, मी परत रंगवले. आणि ते बोलतात खूप. म्हणून एक स्टार कमी.

व्हायवात एक्स्टर्नलनी पहिलाच प्रश्न विचारला, ११४ च का? मी दोन मिनिटं बोललो, पुढचा प्रश्न दुसऱ्याच विषयावर आला. पी ०.०९ वर कोणी काही बोललं नाही.

जाणार असाल तर सिनॉप्सिस लिहायच्या आधी जा, डेटा घेऊन गेलात तर पहिला अर्धा तास शिव्या खाव्या लागतील. सकाळी दहाच्या आत पोचा, गाडी खाली लावायला जागा नाही, मेडिकल चौकातच लावून चालत या. सुट्टे न्या. आणि लिफाफे खाकी घ्या, पांढरे नको.